पायी पायी: नदीकाठ, बागा आणि कॅनॉलपट्टी

मागच्या अंकात सांगलीतल्या गावातल्या गावात चालायच्या जागांवर छोटं टिपण दिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं देतेय.

माझं वय ६८, दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, डावा जास्त दुखतो. डॉक्टर म्हणाले रोज चाला पण सपाटीला. विश्रामबागेत राहतो. नदीवर जायचं फार मनात आहे पण घाटाच्या पायऱ्या नको वाटतात. काय करू?
एक वाचक, विश्रामबाग

काका, रोजचं चालणं घराजवळच ठेवा, नेमिनाथनगरच्या ग्राउंडवर किंवा जरा लांब चालत असेल तर आमराई बागेत. तुमच्यासारख्यांना गोल फेरीची जागा बरी पडते कारण दुखायला लागलं की आहे तिथं थांबता येतं, बाकडं जवळ असतं, चार ओळखीची माणसं असतात. सरळ रस्त्यावर मात्र जेवढं गेलो तेवढं परत यावंच लागतं, त्यामुळं तिथं पाय दमायच्या आधीच मागं फिरायचं, दमल्यावर नाही. आमराईत मोठी जुनी झाडं आहेत, उन्हाळ्यात आठ वाजता पण सावली मिळते, ही सोय दुसरीकडं कुठं एवढी नाही.

जमेल तिथं मातीवरनं चाला. पेव्हिंग ब्लॉक कडक लागतात आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की घसरायची भीती. काठी घेत असाल तर डावा गुडघा जास्त दुखतो ना, मग काठी उजव्या हातात धरायची, बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग म्हणतात काठीचा उपयोग होत नाही. वेग किती, तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये एवढा, अर्थात डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं नसेल तर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते, ती एकदम करायची नसतात, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं झाली की हिशोब बसतो, आणि नाही झाली तरी दहा मिनिटं शून्यापेक्षा बरीच.

आता कृष्णा नदी. पायऱ्या उतरायच्याच कशाला? रविवारी पहाटे कुणालातरी गाडीवरनं आयर्विन पुलाजवळ सोडायला सांगा आणि पुलावरनं सांगलीवाडीच्या बाजूला सावकाश जाऊन या. १९२९ सालचा पूल आहे, त्यावरनं घाट, नदीचं वळण, दोन्ही काठ सगळं दिसतं आणि चढउतार जवळजवळ नाहीच. उजाडल्यावर पण ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत.

एक मनापासून सांगते. आपल्याकडं नदीवर गर्दी कधी होते तर पुरात. पाणी ४० फुटाला आलं, इशारा पातळी, ४५ झालं, धोका पातळी, मग सगळं गाव पुलाकडं पळतं. २०१९ ला ५७ फुटाच्या वर गेलं ते कोण विसरणार. पण जानेवारीत हीच कृष्णा किती शांत असते, पाणी कुठं उथळ, गाळ कुठं साठलाय, कुठल्या नाल्याचं काळं पाणी थेट आत येतंय, हे बघायला कोण जात नाही. जे रोज काठानं चालतात त्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून माझा आग्रह असा की तब्येतीसाठी चालायचंच आहे तर आठवड्यातनं एकदा तरी नदीला जा.

सकाळी घाटावर फिरायला जाते, पण मगरीच्या बातम्या वाचून घरचे नको म्हणतात. खरंच एवढा धोका आहे का?
एक वाचक, गावभाग

ताई, मगरी आहेत, ते खोटं नाही. भिलवडी, औदुंबरपासनं खाली सांगली, हरिपूरपर्यंतच्या पट्ट्यात त्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झालेत. पण धोका कुठं असतो ते नीट समजून घ्या. मगर पाण्याच्या कडेला दबा धरते, फक्त नाकपुड्या आणि डोळे वर असतात, आणि जे कडेला वाकतं त्याला धरते. धुणं धुणारी बाई, पोहणारा, पाणी प्यायला उतरलेलं जनावर. घाटाच्या वरच्या रस्त्यानं किंवा वरच्या पायऱ्यांवरनं चालणाऱ्याला तसा त्रास नाही.

मग नियम साधे. सरकारी घाट, विष्णू घाट, माई घाट, जिथं माणसांची ये-जा आहे तिथं वरनं चाला. झाडीतनं खाली जाणाऱ्या एकट्या पायवाटा, मळीतनं, म्हणजे नदीकाठच्या शेतातनं, पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटा, त्या सोडा. थंडीत मगरी ऊन खायला गाळावर पडलेल्या असतात, लांबनं बघायला हरकत नाही, मोबाईल घेऊन जवळ जाऊ नका. उन्हाळ्यात अंडी घालायचा, पिल्लांचा काळ, तेव्हा मादी जास्त सावध असते. कुत्रं बरोबर असेल तर पट्टा हातात पाहिजेच. आणि कृपा करून चिकनचा कचरा, मेलेली जनावरं नदीत टाकणाऱ्यांना अडवा, खायला मिळतं म्हणूनच मगर माणसांच्या वावराजवळ येते. मगर घाटाजवळ दिसली तर दगड मारत बसू नका, वन विभागाला १९२६ वर कळवा. घरच्यांना एवढं सांगा आणि जात राहा.

सुट्टीत मुलं आणि सासूबाई यांच्यासोबत अर्ध्या दिवसाचं काहीतरी सुचवा, गाडी नको, ट्रेक पण नको.
एक वाचक, शंभर फुटी रस्ता

हरिपूर! दुसरा विचारच करू नका. सांगलीतनं चारेक किलोमीटर. सासूबाई रिक्षानं थेट देवळात येतील, तुम्ही मुलांना घेऊन चालत जा. हरिपूर रस्त्याला जुनी चिंचेची झाडं आहेत, त्यांची सावली आणि पोरांना खाली पडलेल्या चिंचा, दोन्ही होतं. फक्त सकाळी लवकर निघा कारण नंतर रस्त्याला वाहनं वाढतात, आणि साखर कारखान्याच्या सीझनला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मुलांपासनं लांब ठेवणं अवघड होतं. समोरनं येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं एका ओळीत चाला, मुलं आतल्या बाजूला.

संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा येऊन कृष्णेला मिळते. पावसाळ्यात दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात, काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग एक होतात. मुलांना भूगोलाच्या पुस्तकात संगम शिकवायच्या आधी हा दाखवावा. श्रावणी सोमवारी इथं यात्रेची गर्दी असते, तेव्हा शांत चालणं होणार नाही, पण गर्दी आवडत असेल तर तेव्हाच जा.

हरिपुरात अजून एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, हळदीची पेवं. इथली माती अशी चिवट की जमिनीत खोल खड्डा खोदून त्यात हळद ठेवून तोंड बंद केलं की ती कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं त्यामागं ही परंपरा पण आहे. २००५ च्या पुरानं मात्र पेवांचं फार नुकसान झालं, पाणी आत शिरलं आणि बरीचशी निकामी झाली, नंतर सगळं गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजकडं गेलं. गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारलंत तर पेवं कुठं होती ते आनंदानं दाखवतील. येताना सगळेच रिक्षानं या, भर उन्हात मुलांना परत चालवू नका.

आमच्या गावावरनं कृष्णा कॅनॉल जातो, कडेनं रस्ता आहे, रोज तिथंच चालतो. चढ नाही, गाड्या नाहीत. पण लोक म्हणतात कॅनॉल धोक्याचा. नदीपेक्षा बरा की वाईट?
एक वाचक, पलूस तालुका

चालायला बरा, पडायला वाईट.

चढ नसतो त्याला कारण आहे. कॅनॉल म्हणजे पाणी आपोआप वाहत गेलं पाहिजे, म्हणून तो डोंगराच्या कडेकडेनं वळणं घेत, अगदी थोडा उतार ठेवून नेलेला असतो. तुमचा कृष्णा कॅनॉल कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासनं निघतो, इंग्रजांच्या काळातलं काम. एवढ्या लांबून पाणी पंपाशिवाय येतं म्हणजे मोजमाप किती नेमकं असेल बघा, आणि त्याच नेमकेपणामुळं शेजारनं चालणाऱ्याच्या गुडघ्याला त्रास नाही.

आता पडायला वाईट का? नदीच्या काठाला झाड, मुळी, दगड काहीतरी हाताला लागतं. कॅनॉलचे काठ तिरपे, जिथं अस्तर केलंय तिथं गुळगुळीत, त्यावर शेवाळ. आवर्तन सुरू असताना, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं असताना, पाण्याला ओढ असते, आणि पुढं पुलाखाली, मोरीत, गेटला पाणी जोरानं आत ओढलं जातं. पोहता येणारा पण बाहेर येऊ शकत नाही ते यामुळं. तेव्हा पाय धुवायला, बाटली भरायला, मोबाईल पडला म्हणून उतरायचं नाही. पाण्याच्या कडेनं नाही, रस्त्याच्या शेताकडच्या अंगानं चाला. आवर्तन कधी सुटणार ते पाटकऱ्याला, म्हणजे कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, विचारून ठेवलेलं बरं, त्या दिवसांत लहान मुलांना न्यायचं नाही. संध्याकाळी उसाच्या फडाशेजारनं टॉर्चशिवाय जाऊ नका, उंदरांमागं साप येतात, आणि ऊसतोड सुरू असताना ते बाहेर पडतात. कानात इअरफोन घालून तर अजिबात नको, मागनं मोटरसायकल येते ती कळत नाही.

मुलीकडं तीन महिने लंडनला जाणार आहे. ती म्हणते आई, कॅनॉलच्या काठानं रोज फिर, इथं सगळे फिरतात. मला आपल्या कॅनॉलचीच भीती, तिथं कसं जमणार?
एक वाचक, मिरज

काकू, जमेल, आणि तुम्हाला आवडेलही. तिथला कॅनॉल शेतीसाठी नाही, बोटींनी माल न्यायला खोदलेला. त्यामुळं पाणी जवळजवळ उभंच असतं, आपल्यासारखी ओढ नसते. इंजिनं नव्हती तेव्हा काठावरनं घोडा चालायचा आणि लांब दोरानं बोट ओढायचा, त्या घोड्यासाठी केलेली वाट आता चालणाऱ्यांना मिळाली. घोड्याला ओढायचं म्हणून वाट सपाट, फक्त लॉक असतो तिथं थोडा उतार किंवा चढ, कारण तिथं गेट लावून बोट वरच्या पाण्यातनं खालच्या पाण्यात उतरवतात.

मुलीला सांगा रीजंट्स कॅनॉलला ने. १८२० साली पूर्ण झालेला, पॅडिंग्टनजवळच्या लिटल व्हेनिसपासनं पूर्वेला लाइमहाउसपर्यंत साधारण १४ किलोमीटर. सगळा नका चालू. लिटल व्हेनिस ते कॅम्डन हा चारेक किलोमीटरचा तुकडा घ्या, एकही लॉक नाही, मध्ये रीजंट्स पार्क आणि प्राणिसंग्रहालयाच्या मधनं वाट जाते. सुरवातीला एक छोटा बोगदा आहे तिथं काठाची वाट नाही, वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली उतरायचं. कॅम्डनच्या पुढं १२ लॉक आहेत आणि ते सगळे लाइमहाउसकडं उतरत जातात, म्हणून पुढं कधी गेलात तर पश्चिमेकडनं पूर्वेला चाला.

वाटेत मॅकल्सफील्ड ब्रिज लागेल, तिथं जरा थांबा. १८७४ मध्ये बारूद घेऊन चाललेल्या बोटीचा त्या पुलाखाली स्फोट झाला आणि पूल उडाला. पुन्हा बांधताना जुनेच लोखंडी खांब वापरले पण फिरवून बसवले, त्यामुळं दोरांनी घासून पडलेल्या खाचा खांबांना दोन्ही बाजूंनी आहेत. बोटानं चाचपून बघा, किती घोडे किती वर्षं गेले असतील त्याचा अंदाज येतो. त्याच भागात काठाला पाण्यात उतरते रॅम्प पण आहेत, घोडा बिचकून पाण्यात पडला तर त्याला चालत बाहेर येता यावं म्हणून केलेले. जनावराची एवढी काळजी कुणीतरी करून ठेवलीय हे मला फार आवडतं.

त्रास एकच, सायकली. वाट अरुंद आणि सायकलवाले जोरात. चालणाऱ्याचा मान पहिला हा तिथला नियम आहे, पण पुलाखाली वळणावर समोरचं दिसत नाही, तिथं घंटा ऐकू आली की भिंतीकडं सरा. पाऊस कधीही येतो, छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं.

साताऱ्यात सपाट कुठं चालायचं? सगळीकडं चढच.
एक वाचक, सातारा

अजिंक्यतारा, चार भिंती, यवतेश्वर सोडा मग. संगम माहुलीला जा, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, देवळं बघत निवांत फिरता येतं. नाहीतर एसटीनं वाईला जाऊन घाट बघा आणि तिथनं मेणवलीपर्यंत चाला, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट, आणि तिथली ती मोठी पोर्तुगीज घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली.

पावसाळ्यात नदीकाठचं चालणं कधी बंद करायचं आणि परत कधी सुरू करायचं?
बऱ्याच जणांचा प्रश्न

कोयना धरणातनं विसर्ग (सोडलेलं पाणी) वाढवल्याची बातमी आली की घाटाचं चालणं बंद, पाणी दिसायची वाट बघू नका, सोडलेलं पाणी इथं पोचायला वेळ लागतो म्हणून लोक फसतात. तेवढे दिवस आमराई किंवा आपल्या कॉलनीतली फेरी. होड्यांच्या शर्यती बघायला जाणार असाल तर काठाच्या ओल्या मातीवर उभं राहू नका, पाण्यानं खालनं पोखरलेली असते, उंच पक्की जागा धरा. पूर उतरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा थर बसतो, वरनं वाळलेला दिसतो पण आत लोण्यासारखा असतो, तो धुऊन निघेपर्यंत थांबा. आणि तो काढायला माणसं जमतात तेव्हा फावडं घेऊन तुम्ही पण जा.