गाडीवरचा माणूस टिकवायचा असेल तर

हिंजवडीत स्नॅक्सची मशीन लावतोयस, छान. पण आधी ड्रायव्हर नीट बघ. मशीन भरणारा, पुसणारा, रिसेप्शनवरच्या मॅडमची तक्रार ऐकून घेणारा तोच. गिऱ्हाईक तुला ओळखतही नाही.

मी सुरुवातीला ड्रायव्हरला दर भरलेल्या मशीनमागे पैसे द्यायचो. आकडे झकास यायचे. एकदा सहज गाडीत बसून गेलो तर पठ्ठ्या नवी पाकिटं स्प्रिंगच्या पुढच्या खाचांत कोंबतोय, जुनी मागे तशीच! मशीन पुढचंच पाकीट आधी पाडतं, म्हणजे मागच्यांची तारीख तिथेच उलटणार. जुनी पुढे ओढून नवी मागे लावायला वेळ जातो, आणि मी पैसे देत होतो घाईचे. त्याला काय बोलणार? आता पगार ठरलेला. बोनस मिळतो तो खराब माल आणि ‘पैसे कापले, पाकीट अडकलं’ या तक्रारी कमी असल्या तर.

कुठून कुठे जायचं हे त्यालाच ठरवू दे. वाकडचा पूल किती वाजता तुंबतो, कुठला वॉचमन गेटवर ताटकळत ठेवतो, हे त्याला पाठ असतं.

बरंचसं यूपीआयवर येतं, पण नोटांचा डबा असेल तर दोघांसमोर मोजा आणि मशीनच्या हिशेबाशी जुळवा. पहिल्या दिवसापासूनच. मध्येच सुरू केलंस तर त्याला वाटेल, चोर समजतोय.

आणि ट्रॉली चांगल्या चाकांची घेऊन दे. बेसमेंटपासून सर्व्हिस लिफ्टपर्यंत खोकी ओढून बघ एकदा.