लोक माझाच चेहरा बघायला येतात!

प्रश्न : माझा मुलगा टी.वाय.ला आहे. त्याची विनोदी रील्स चालायला लागल्यापासून डोक्यात हवा गेली आहे. स्किट लिहून देणाऱ्या जिवलग मित्राशी भांडला. "लोक माझाच चेहरा बघायला येतात," म्हणतो. आता कॉलेज सोडून मुंबई गाठायची म्हणतोय. त्याला अडवू का?

उत्तर : ताई, नमस्कार. मुंबईपेक्षा मला मित्राशी धरलेल्या अबोल्याची जास्त काळजी वाटते. टाळ्या नटाच्या कानावर पडतात, त्यामुळे हशा आपल्या एकट्याचाच, असं या वयात वाटणारच. पण कुठल्या वाक्याआधी थांबायचं, कुठला पंच कापायचा, हे बाजूला उभं राहून सांगणारं माणूस लागतं. ते तुटलं की विनोद घसरतो, आणि घसरलाय हे सांगायलाही कोणी उरत नाही.

त्याला हॅरी लँग्डनबद्दल वाचायला सांगा. हॉलिवूडच्या मूकपटांतला हा मोठा विनोदवीर. पांढराफटक बाळचेहरा, काही बिघडलं की पळायचं सोडून डोळे मिचकावत तिथेच उभा राहायचा. 1926 च्या 'द स्ट्राँग मॅन'मध्ये सर्दी झालेला हॅरी बाम समजून उग्र वासाचं चीज छातीला चोळत बसतो आणि गाडीतले प्रवासी हैराण होतात. दिग्दर्शक होता फ्रँक काप्रा, जो आधी त्याच्यासाठी विनोद लिहायचा. पुढच्याच वर्षी, 'लाँग पँट्स'नंतर, लँग्डनने काप्राला काढलं आणि दिग्दर्शनही स्वतःकडे घेतलं. तसे तीन चित्रपट झाले, ते चालले नाहीत, आणि 1928 मध्ये चित्रपट कंपनीने त्याला सोडून दिलं. काप्राने मात्र 1934 ते 1938 या काळात दिग्दर्शनाची तीन ऑस्कर मिळवली.

लँग्डनला अहंकाराने बुडवलं, ही हकीकत मुख्यतः काप्राने सांगितलेली आहे, आणि ती एकतर्फी असल्याचं बरेच अभ्यासक म्हणतात. शिवाय बोलपटही त्याच सुमारास आले. हे सगळं धरूनही मला वाटतं, ज्याला आपली नस कळली होती त्यालाच दूर करणं त्याला फार महाग पडलं. पुढे तोच लँग्डन लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांच्या लेखकांमध्ये बसून काम करत होता. मुलाला हा भाग नक्की सांगा. लेखकाचं काम कमीपणाचं नाही, हे त्याला त्यातून जास्त पटेल.

आता तुमच्या हातातलं. "तुझ्या डोक्यात हवा गेलीय," असं त्याला म्हणू नका, तो आणखी पेटेल. जुन्या रील्सखाली मित्राचं नाव लेखक म्हणून टाकायला सांगा. एखाद्या जाहिरातीचे पैसे आले असतील तर मित्राचा वाटा आधी द्यायला लावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मित्राने स्वतःहून लिहिलेल्या संहितेचा हक्क मित्राचाच. लेखी करार केल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. दोघांनी पुढेही एकत्र काम करायचं ठरवलं, तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये मित्राने सभासद होऊन संहिता नोंदवून ठेवावी.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका, शेवटचंच वर्ष आहे. पदवी हातात आली की पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी), असे रस्ते खुले होतात. तिथे नाटक दहाजणांबरोबर उभं करावं लागतं, कधी प्रकाशयोजना सांभाळावी लागते, कधी दोन वाक्यांची भूमिका मिळते. त्याला आत्ता त्याचीच गरज आहे. प्रवेशाच्या तारखा संकेतस्थळांवर बघून ठेवा, आणि अर्ज त्याचा त्यालाच भरू द्या.