वाचकांचे प्रश्न : ग्रॅमी आणि आपलं अहिराणी गाणं

प्रश्न (चाळीसगाव) : ग्रॅमीमध्ये 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' असे दोन पुरस्कार कशाला?

उत्तर : एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा रचनेचा. 'साँग' म्हणजे शब्द आणि चाल. हा पुरस्कार फक्त लिहिणाऱ्यांना आणि चाल बांधणाऱ्यांना मिळतो. गायकाचा रचनेत हात नसेल तर त्याला यात वाटा नाही. 'रेकॉर्ड' मात्र गायक, निर्माता आणि ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग करणाऱ्या अभियंत्यांचा. 2024 साली 'रेकॉर्ड' मायली सायरसच्या गाण्याला मिळाला, तर 'साँग' बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांना. त्याच सोहळ्यात झाकीर हुसेन यांनी तीन ग्रॅमी जिंकले. त्यांतला 'शक्ती' या वाद्यवृंदाच्या अल्बमचा पुरस्कार शंकर महादेवन यांच्यासह सगळ्या चमूचा होता.

प्रश्न (शिरपूर) : आमचं अहिराणी गाणं यूट्यूबवर खूप चाललं. पैसे भरा, ग्रॅमीचं नामांकन मिळवून देतो, असा फोन आला. भरावेत का?

उत्तर : एक रुपयाही भरू नका. नामांकन विकत मिळत नाही. ते ग्रॅमी देणाऱ्या, अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीच्या मतदार सदस्यांच्या पहिल्या फेरीतल्या मतांवर ठरतं. आधी अकादमीचा सदस्य किंवा तिच्याकडे नोंदलेली कंपनी प्रवेशिका भरते, मग ती योग्य विभागात बसते का ते तपासतात. इथवर पोचलेल्या प्रवेशिका शेकड्यांनी असतात. बहुतेक विभागांत त्यांतल्या पाचच नामांकित होतात. 'ग्रॅमीसाठी पाठवलं' आणि 'ग्रॅमी नामांकित' यांत एवढं अंतर आहे, आणि फसवणारे नेमकं तेच लपवतात. प्रवेशिकेला शुल्क असतं, पण ते अकादमीला द्यायचं असतं.

भाषेची आडकाठी नाही. ग्लोबल म्युझिकच्या विभागांत अहिराणीही चालते. व्ह्यूज मोजले जात नाहीत. गाणं अमेरिकेत रीतसर प्रकाशित व्हावं लागतं, म्हणजे वितरकामार्फत स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकसारख्या सेवांवर. नुसता व्हिडिओ टाकून भागत नाही. प्रकाशनाची तारीखही मुदतीत हवी : 2026 च्या सोहळ्यासाठी ती 31 ऑगस्ट 2024 ते 30 ऑगस्ट 2025 होती. पोळ्याच्या आसपास गाणं काढणाऱ्यांनी हे आधीच बघावं, नाहीतर ते थेट पुढच्या वर्षात जातं. अल्बम असेल तर किमान पाच वेगळी गाणी आणि 15 मिनिटं, किंवा एकूण 30 मिनिटं. त्यातलं 75 टक्क्यांहून जास्त मुद्रण नवं.

प्रश्न (अमळनेर) : कानबाईची (खानदेशातल्या देवीची) गाणी आणि बहिणाबाईंच्या कविता रेकॉर्ड करायच्या आहेत. गीतकार म्हणून नाव कुणाचं?

उत्तर : कानबाईच्या गाण्यांना 'पारंपरिक' लिहा. स्वतःचं नाव गीतकार म्हणून घालणं खोटं आहे, आणि उद्या दुसऱ्या गावच्या मंडळींनी तेच गाणं गायलं तर नसती भांडणं उभी राहतात. तुमचं नाव संगीत संयोजनात येईल. गावातल्या आजीचा आवाज घेतलात तर तिची लेखी संमती घ्या, गायिका म्हणून नाव द्या आणि मानधनही द्या. कलावंत म्हणून तो तिचा कायदेशीर हक्क आहे.

बहिणाबाई चौधरींचं निधन 3 डिसेंबर 1951 रोजी झालं आणि कविता पुस्तकरूपात 1952 साली आल्या. मरणोत्तर प्रकाशनाला आपल्या कायद्यात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजतात, म्हणून त्या पुस्तकातल्या कवितांची मुदत 2012 अखेर संपली. अमेरिकेत हिशेब वेगळा. तिथे अशा लेखनाला प्रकाशनापासून 95 वर्षं धरतात. तेव्हा तिकडे प्रकाशित करण्याआधी वारसांची लेखी परवानगी घ्याच. सिनेमातून गाजलेल्या चालींचे हक्क पुन्हा वेगळे. चाल स्वतःची बांधा.

प्रश्न (नंदुरबार) : श्रेयाची नोंद कधी करायची?

उत्तर : रेकॉर्डिंगच्याच दिवशी, स्टुडिओ सोडण्याआधी. एका कागदावर प्रत्येकाचं नाव, काम, शब्द-चालीतला टक्का (बेरीज 100) आणि सह्या. नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा. दोन स्पेलिंगं झाली की एका माणसाची दोन खाती तयार होतात. सगळ्यात जास्त अन्याय पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) आणि ढोल वाजवणाऱ्यांवर होतो, कारण वितरकाच्या फॉर्मवर 'मुख्य कलाकार' भरला की लोक पुढचे रकाने सोडून देतात. ते रकाने भराच. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. वितरक बदलला तरी जुनाच क्रमांक द्या, नाहीतर ऐकणाऱ्यांची मोजणी दोन ठिकाणी विभागते. रिमिक्स किंवा नवं गायन असेल तरच नवा क्रमांक. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या, त्यांचं स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घेऊन तिथे वेगळी नोंद करायची; आयएसआरसी मिळाला म्हणून ती आपोआप होत नाही.