डोंगराला लागून फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी दादरला चाळीत वाढले, लग्न होऊनही दादरच. आता ठाण्यात टिकुजीनीवाडीच्या बाजूला एक फ्लॅट पाह्यलाय, तिसरा मजला, खिडकी उघडली की समोर सगळा येऊरचा डोंगर. मला तर बघताक्षणी आवडला. पण सासूबाईंना कुणीतरी सांगितलंय की तिकडे बिबटे फिरतात, त्यात लेक पाच वर्षांचा, आणि ह्यांना रोज फोर्टला ऑफिस. सगळे म्हणतात फिरायला ठीक आहे गं, राहायला नको. काय करू?
– एक वाचक, दादर

उत्तर: सासूबाईंना सांगा, बिबट्या आहे, खोटं कशाला बोलायचं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत तर एक बिबट्या भर शहरात मॉलच्या आवारात शिरला होता, वनखात्याने नंतर त्याला सुखरूप पकडला. पण तो तुमच्या लेकासाठी येत नाही हो, तो येतो कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा सोसायटीचा क्लबहाऊस नंतर बघा, आधी मागच्या भिंतीपाशी कचरा कुठे टाकतात ते बघा. अंधार पडल्यावर पोराला त्या बाजूला एकटं सोडायचं नाही, वाकून बसलेला माणूस किंवा लहान मूल त्याला सावजाएवढं दिसतं. दिसलाच तर मोबाईल काढून मागे धावायचं नाही, वनखात्याची हेल्पलाइन १९२६, ती लावायची.

खरा त्रास माकडांचा. मी ठाण्यातच पोखरण रोडला बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगते. एकदा संकष्टीला मोदक उकडून ओट्यावर ठेवले आणि वाफ कोंडली म्हणून दोन मिनिटं, खरंच दोनच मिनिटं, खिडकी उघडली. मागे वळून बघते तर एसीच्या बाहेरच्या डब्यावर साहेब मांडी घालून बसलेत, मोदक फोडून सारण तेवढं खातायत आणि पारी खाली पार्किंगमधल्या गाड्यांवर टाकतायत. नैवेद्य व्हायचा होता अजून! साध्या ग्रिलचा उपयोग नाही, गजांमधून पिल्लू आत येतं आणि हाताला लागेल ते घेऊन जातं, त्यामुळे बारीक जाळीच लावा आणि सोसायटीत कुणी पुण्य म्हणून केळी घालत असेल तर त्यांच्याशी पहिल्याच महिन्यात वाईटपणा घ्या, नंतर जमत नाही.

साप निघतात, बहुतेक वेळा धामण, तिला विष नसतं. पण घोणसही असते, तेव्हा ओळखायच्या फंदात न पडता सर्पमित्राला बोलवा, आणि कुणाला चावलाच तर आवळून बांधणं, कापणं काही नको, थेट हॉस्पिटल.

आता तुमच्या ह्यांचं. ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकल तासाभरात पोचवते, तिची काळजी नाही, काळजी घर ते स्टेशन एवढ्याच तुकड्याची. दलाल रविवारी दुपारी फ्लॅट दाखवतो आणि म्हणतो स्टेशन वीस मिनिटं. ह्यांना एखाद्या सोमवारी सकाळी आठला त्या बिल्डिंगखालून रिक्षा पकडून स्टेशन गाठायला सांगा, घड्याळ लावून, मग त्यांचं मत विचारा. आणि टिकुजीनीवाडी म्हणालात म्हणून, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं इकडचं तोंड तिथेच आहे. जवळपास बारा किलोमीटरचा रस्ता, त्यातला दहा किलोमीटरहून थोडा जास्त बोगद्यातून, उद्यानाच्या पोटातून जाणार, बोरिवलीला माहेर असेल तर मजाच आहे, पण बिल्डिंग त्या तोंडापासून नेमकी किती लांब हे स्वतः चालत जाऊन बघा, डंपर आणि धूळ माहितीपत्रकात छापत नाहीत.

मी घेतला असता का? घेतला असता, पण तिसरा नाही, जरा वरचा, कारण डोंगराच्या बाजूला खालच्या मजल्यांना पावसाळ्यात भयंकर ओल येते, कपाटातले चामडी बूट आठवड्यात हिरवे होतात. टोकन द्यायची घाई करू नका. जुलैमधे चार दिवस झड लागली की परत जा, बेडरूमची डोंगराकडची भिंत तळहाताने चाचपा, आणि त्याच बिल्डिंगमधे कुणी आधीपासून राहत असेल तर त्यांच्याकडे चहा मागून घ्या. सासूबाईंनाही न्या सोबत. पाऊस थांबला की समोरच्या डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरताना दिसतात, त्यावर त्या काय म्हणतात ते मला कळवा.