रॅम्पवर इतक्या कृष्णवर्णीय मॉडेल्स दिसतात, तरी फॅशन क्षेत्रात त्यांना संधी कमी आहे असं का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्क-पॅरिसच्या शोमध्ये कृष्णवर्णीय चेहरे सर्रास दिसत असताना तक्रार नेमकी कशाबद्दल आहे. तक्रार रॅम्पबद्दल कमी आणि रॅम्पच्या मागच्या नोकऱ्यांबद्दल जास्त आहे. मॉडेल शोपुरती नेमलेली असते, पुढच्या सीझनला बोलावलं नाही तर विषय संपला. कपडा कसा असेल, कुठल्या दुकानात किती नग जातील, मुखपृष्ठावर कोण येईल, हे ठरवणारे लोक पगारावर असतात आणि आपल्याला कधी दिसत नाहीत. मी मुंबईत एका एक्स्पोर्ट हाउसमध्ये मर्चंडायझर आहे. आमच्या ऑर्डरी न्यूयॉर्क-लंडनचे बायर देतात, म्हणून माझं लक्ष आधी या लोकांकडे जातं.

अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाचंच बघा. बेव्हर्ली जॉन्सन ही पहिली कृष्णवर्णीय मॉडेल त्याच्या मुखपृष्ठावर आली ऑगस्ट १९७४ मध्ये. मुखपृष्ठाचा फोटो पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय फोटोग्राफरने काढला तो सप्टेंबर २०१८ च्या अंकात. फोटोत बियॉन्से, आणि फोटोग्राफर टायलर मिचेल, वय २३. मधे ४४ वर्षं गेली.

'कसबी माणसं मिळत नसतील' असं कुणी म्हणालं, तर त्याला अ‍ॅन लोची गोष्ट सांगा. ही अमेरिकेतल्या अलाबामाची कृष्णवर्णीय ड्रेस डिझायनर. आजी आणि आई दोघी तिथल्या श्रीमंत गोऱ्या घराण्यांच्या शिवणकाम करणाऱ्या. १९१७ च्या सुमारास ती न्यूयॉर्कला शिवणशाळेत गेली, तर तिला वर्गाबाहेर वेगळ्या खोलीत बसवलं. १९५३ मध्ये जॅकलिन बुव्हिए आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांचं लग्न झालं, त्यातला नवरीचा तो प्रसिद्ध पोशाख तिने शिवला. लग्नाला जेमतेम दहा दिवस असताना तिच्या वर्कशॉपमध्ये पाणी भरलं आणि नवरीच्या पोशाखासकट करवल्यांचेही बरेचसे कपडे खराब झाले. तिने नवं कापड आणून, जादा माणसं लावून सगळं पुन्हा उभं केलं. या कामात सातशे डॉलर सुटायचे होते, त्याऐवजी २,२०० डॉलरचा तोटा झाला. नवरीच्या घरी तिने याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लग्नाच्या बातम्या देशभर छापून आल्या, बहुतेकांत तिचं नाव नव्हतं. आमच्या धंद्यात नाव नसणं म्हणजे पुढची ऑर्डर नसणं. ती अनेकदा कर्जात बुडाली, त्यात तिने स्वतः दर कमी लावले हेही कारण होतं, पण नाव छापलं असतं तर दर वाढवून मागता आला असता की नाही?

आजची अडचण जरा वेगळी आहे. मासिकं आणि मोठ्या ब्रँडमध्ये शिरायचा रस्ता वर्षानुवर्षं बिनपगारी इंटर्नशिपमधून जायचा. न्यूयॉर्कच्या महागड्या मॅनहॅटनमध्ये राहून सहा महिने फुकट काम कोण करू शकतं? ज्याचं भाडं घरचे भरतात तो. अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीत केवढी तफावत आहे हे लक्षात घेतलं की पुढचं आपोआप कळतं. माजी इंटर्न्सनी कोर्टात खेचल्यावर 'व्होग'च्या मालक कंपनीने, कोंडे नास्टने, २०१३ मध्ये इंटर्नशिपच बंद केली. इलाज म्हणावा की पळवाट, तुम्हीच ठरवा.

हेअरस्टायलिस्टचं काम घ्या. कुरळ्या आफ्रिकी केसांचं काम येत नसलं तरी ब्रिटनमध्ये हेअरड्रेसिंगचं शिक्षण पूर्ण व्हायचं, राष्ट्रीय मानकं बदलली ती थेट २०२१ मध्ये. म्हणून अनेक कृष्णवर्णीय मॉडेल्स स्वतःचं सामान घेऊन शोला जायच्या.

डॅपर डॅनचं प्रकरण मला सगळ्यात गुंतागुंतीचं वाटतं. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दुकान टाकून या कृष्णवर्णीय डिझायनरने लेदरवर गुची, लुई व्हिटॉनचे लोगो छापून जॅकेटं शिवली. परवानगी अर्थातच नव्हती. ब्रँडच्या वकिलांनी धाडी घातल्या आणि १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. कायद्याने ब्रँड बरोबर होते. पण २०१७ मध्ये गुचीने त्याच्याच एका जुन्या जॅकेटची जवळपास हुबेहूब नक्कल रॅम्पवर आणली, बोभाटा झाला, आणि त्याच माणसाशी भागीदारी करून पुढच्या वर्षी हार्लेममध्ये शिवणकामाचं अ‍ॅटेलिए उघडलं. (२०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरी चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे उठलेली ओरड आठवा. आधी उल्लेख नाही, मग ओरडा झाल्यावर कबुली, क्रम तोच.)

पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर २०२० मध्ये बरंच हललं. 'व्होग'च्या अ‍ॅना विंटूरने, तेव्हाच्या मुख्य संपादिकेने, कर्मचाऱ्यांना लेखी कळवलं की आपण कृष्णवर्णीय संपादक, फोटोग्राफर, डिझायनर यांना पुरेसं पुढे आणलं नाही. ऑरोरा जेम्स या डिझायनरने मोठ्या दुकानदारांपुढे सरळ मागणी ठेवली, १५ टक्के शेल्फ कृष्णवर्णीयांच्या ब्रँडना द्या, कारण अमेरिकेत लोकसंख्याही साधारण तेवढीच. मला ही मागणी आवडते, कारण ती ऑर्डरच्या आकड्यात मोजता येते. बायरने भाषण दिलं काय आणि नाही काय, पीओ, म्हणजे लेखी खरेदीची ऑर्डर, निघाली का ते बघायचं. पुढे वारं फिरलं, जानेवारी २०२५ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने असे आपले उपक्रम आवरते घेत असल्याचं जाहीर केलं.

डिझायनरच्या सर्वांत वरच्या खुर्चीबद्दल लोक व्हर्जिल अब्लोचं नाव घेतात. २०१८ मध्ये लुई व्हिटॉनच्या पुरुष विभागाचा प्रमुख झालेला तो पहिलाच कृष्णवर्णीय, पण त्याआधी ओझवाल्ड बोटेंग २००३ मध्ये जिवाँशीच्या पुरुष विभागात आणि ओलिव्हिए रूस्तँ २०११ मध्ये बालमेंमध्ये आले होते. अब्लोचं शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरचं, फॅशन कॉलेजचं नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये एर्मेस या फ्रेंच ब्रँडने पुरुष विभाग ग्रेस वेल्स बॉनर या कृष्णवर्णीय ब्रिटिश डिझायनरकडे सोपवला, तिचं पहिलं कलेक्शन जानेवारी २०२७ चं. तिच्या आधी व्हेरोनिक निशानियन त्या जागेवर ३७ वर्षं होत्या. अशा खुर्च्या रिकाम्या व्हायलाच इतका वेळ लागतो, त्यामुळे रॅम्पवरचे चेहरे दर सीझनला बदलले तरी आतली यादी त्या वेगाने बदलणार नाही.