वाचकांचे प्रश्न : सर्कल, लेन आणि सिग्नल

प्रश्न : चिंचपोकळीकडून महालक्ष्मीला जाताना मला सात रस्त्याचे सर्कल ओलांडावे लागते. गाडी शिकून फार दिवस झालेले नाहीत. रस्त्यावर रंगवलेले बाण पुढच्या गाड्यांखाली झाकलेले असतात आणि दिसतात तेव्हा लेन बदलायला जागा उरलेली नसते. सर्कलमध्ये शिरल्यावर डावीकडून जावे की मधल्या बेटाला धरून, आणि आधी कोणी जायचे?
— एक वाचक, चिंचपोकळी

उत्तर : आधी कोणी जायचे, हा भाग सोपा आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून सर्कलभोवतीची वाहतूक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि आत शिरणाऱ्याला आधीच फिरत असलेली वाहने उजवीकडून येताना दिसतात. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्या या वाहनांना वाट देऊनच आत शिरायचे असते. आत असलेल्याने थांबून बाहेरच्याला घ्यायचे ठरवले, तर बाहेर पडण्याच्या वाटा अडतात आणि सर्कल आतून भरत जाऊन शेवटी कोणालाच हलता येत नाही. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे हीच अडचण होती; तिथे १९६६ साली आतल्या वाहनाला अग्रक्रम देण्याचा नियम सर्वत्र लागू झाला.

लेनचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि सात रस्त्याला तो अधिकच अवघड का होतो, हे समजून घ्यायला हवे. संत गाडगे महाराज चौकात, म्हणजे पूर्वीच्या जेकब सर्कलला, नावाप्रमाणे सात रस्ते येऊन मिळतात. आपले बाण मात्र तीनच दिशा सांगतात : डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. साने गुरुजी मार्गाने येणाऱ्याला केशवराव खाड्ये मार्ग आणि डॉ. ई. मोझेस मार्ग यांपैकी ‘सरळ’ कोणता म्हणायचा, हे रस्त्यावरचा बाण सांगू शकत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, चारांहून अधिक रस्ते मिळतात अशा प्रत्येक सर्कलच्या अलीकडे दिशेऐवजी ठिकाणाचे नाव लिहिले पाहिजे, आणि तेही जमिनीवर एकदाच न लिहिता चौकाच्या बरेच आधी डोक्यावरच्या फलकावर लिहिले पाहिजे. गर्दीच्या वेळी मुंबईत दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर राहत नाही. तिथे जमिनीवरची खूण ज्याला आधीच रस्ता माहीत आहे त्याच्याच उपयोगाची ठरते.

तोपर्यंत तुम्ही असे करावे. घरून निघण्यापूर्वीच नकाशा पाहून आपला रस्ता सर्कलमध्ये शिरल्यापासून डावीकडचा कितवा आहे, हे मोजून ठेवावे. पहिलाच असेल तर डावी लेन धरावी. उजवीकडच्या रस्त्याला लागायचे असेल किंवा पूर्ण वळसा घालून परत फिरायचे असेल, तर उजवा इंडिकेटर देऊन बेटालगतची लेन घ्यावी, आणि आपल्या अलीकडचा रस्ता मागे पडताच डावा इंडिकेटर देऊन, डावीकडचा आरसा पाहून, बाहेरच्या लेनमध्ये यावे. मधल्या रस्त्यांसाठी, तीन लेन असतील तर, मधली लेन बरी. मात्र रस्त्यावर किंवा फलकावर स्पष्ट खूण असेल, तर या सर्वसाधारण रीतीपेक्षा ती खूण मोठी. लेन बदलायची असेल तर ती पट्टे तुटक आहेत तोवरच बदलावी. थांबारेषेजवळ पट्टा सलग होतो, तो यापुढे लेन बदलू नका हे सांगण्यासाठीच. आणि एवढे करूनही चुकीच्या लेनमध्ये अडकलात, तर तिरपी गाडी घालण्यापेक्षा बेटाला आणखी एक वळसा घालावा किंवा ती लेन नेईल त्या रस्त्याने पुढे जाऊन परत फिरावे. नवशिक्या चालकाला मागचे हॉर्न फार घाबरवतात, हे मला ठाऊक आहे. पण हॉर्न वाजवणाऱ्याला तुमच्या डाव्या बाजूची दुचाकी दिसत नसते, ती तुम्हालाच पाहावी लागते.

प्रश्न : हिरवा सिग्नल मिळाल्यावर मी सर्कलमध्ये शिरतो, पण बेटाला वळसा घालताना पुढे दुसरा सिग्नल लाल असतो. मागचे लोक म्हणतात, एकदा हिरवा मिळाला की बाहेर पडेपर्यंत तो आपलाच. हे खरे आहे का?
— एक टॅक्सीचालक, शीव

उत्तर : खरे नाही. प्रत्येक थांबारेषेचा सिग्नल स्वतंत्र असतो आणि पहिला हिरवा तुम्हाला दुसऱ्या रेषेपर्यंतच नेतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, स्पष्टपणे नमूद केलेले आहे, आणि तिथे मागच्यांच्या आग्रहाची सबब चालत नाही. अपवाद एकच : चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस हाताने इशारा करत असेल, तर दिव्यापेक्षा त्याचा इशारा पाळायचा.

मात्र तुमच्या प्रश्नामागची तक्रार रास्त आहे. मूळ कल्पनेनुसार सर्कल हे सिग्नलविना चालावे यासाठीच असते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या १९७६च्या मार्गदर्शिकेत सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे ३००० वाहनांपर्यंतच सर्कल नीट काम करते, असे म्हटले आहे. वर्दळ त्यापलीकडे गेली की सिग्नल बसवावे लागतात, पण त्यामुळे एकाच जागी दोन पद्धती नांदू लागतात. बेट आणि पुढची थांबारेषा यांच्या मधल्या तुकड्यात जेमतेम काही गाड्या मावतात. पहिला हिरवा त्याहून जास्त गाड्या आत सोडत असेल, तर उरलेल्या गाड्या दुसऱ्या रस्त्याच्या तोंडावर उभ्या राहतात, आणि मग त्या रस्त्याला हिरवा मिळूनही काही उपयोग होत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही सिग्नलांच्या वेळा एकमेकांशी जुळवणे. पट्टे कितीही ठळक रंगवले तरी हा दोष जात नाही.

तुमच्या हातात असलेली गोष्ट ही, की पुढे आपल्या गाडीपुरती जागा दिसल्याशिवाय हिरव्यावरही रेषा सोडू नये. काही चौकांत यासाठी पिवळ्या तिरप्या रेषांची चौकट रंगवलेली असते. तिच्यात थांबायचे नसते. शिवाय सर्कलवर शेजारच्या रस्त्यासाठीचा दिवाही आपल्याला दिसतो, म्हणून आपल्या थांबारेषेसमोरचा दिवा कोणता, हे निश्चित केल्याशिवाय गाडी पुढे घेऊ नये.

प्रश्न : माझे वय सत्तरच्या पुढे आहे. माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाभोवती चालताना माणसाचा हिरवा दिवा अर्ध्यातच संपतो. मी काय करावे?
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : पादचाऱ्यांसाठीच्या दिव्याची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने १५ सेकंद लागतात, सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या ज्येष्ठाला २० सेकंद लागतील. म्हणजे दोष तुमच्या चालीचा नाही, हिशेबाचा आहे, आणि तो बदलून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हिरवा आधीच लागलेला दिसला तर निघू नका, पुढच्या हिरव्याच्या सुरुवातीला निघा. दुभाजकाजवळ उभे राहण्याची जागा असेल तर तिथे थांबून रस्ता दोन टप्प्यांत ओलांडा. आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्यांकडे विशेष लक्ष ठेवा, कारण डावीकडे जाण्याची मुभा सिग्नलवर नसतानाही पुष्कळ चालक ती आहे असेच समजून वळतात.

प्रश्न : आमच्या चौकातले पट्टे डांबरीकरणानंतर पुन्हा रंगवलेच नाहीत. कोणाला लिहावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : पट्टे रंगवण्याचे काम महापालिकेचे, म्हणून विभाग कार्यालयातील रस्ते अभियंत्याला लिहावे, आणि पत्राची प्रत तुमच्या भागातील वाहतूक पोलीस चौकीला द्यावी, कारण सिग्नलच्या वेळा पोलिसांच्या अखत्यारीत येतात. नुसते ‘पट्टे नाहीत’ असे लिहू नका. कोणत्या रस्त्याने येताना, कोणत्या बाजूची थांबारेषा, झेब्रा किंवा बाण दिसत नाही, हे लिहा आणि दिवसा व रात्री काढलेली छायाचित्रे जोडा. पट्ट्यांच्या गरम करून लावायच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात व त्यांच्यामुळेच रात्री पट्टा चमकतो. दिवसा ठीक दिसणारा पट्टा पावसाळी रात्री अजिबात दिसत नसेल, तर तीही तक्रारच आहे आणि ती वेगळी नोंदवावी.