इमारतींचे व्यवस्थापन : पदवीनंतरची प्रशिक्षण योजना स्वीकारावी का?

राजारामपुरीतील पालक भगिनींस,
सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या यंदा बी. कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली असून पुण्यातील एका मालमत्ता व्यवस्थापन कंपनीने तिला पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून दोन वर्षांसाठी निवडले आहे. दर सहा महिन्यांनी विभाग बदलेल, दरमहा विद्यावेतन मिळेल आणि शेवटी ‘कामगिरी पाहून’ कायम करण्याचा विचार होईल, असे निवडपत्रात म्हटले असल्याचे आपण कळवले आहे. तिच्या वडिलांचा कल बँकेच्या परीक्षांकडे आहे, नातेवाईक ‘बिल्डिंग सांभाळायला पदवी कशाला लागते?’ असे विचारत आहेत, आणि स्वतः पतसंस्थेत हिशेबाचे काम करत असल्याने या क्षेत्रात शिकण्यासारखे काय आहे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. माझे मत आधीच सांगतो : ही संधी घ्यावी, मात्र निवडपत्रातील काही गोष्टी लेखी स्पष्ट करून घेतल्यावरच घ्यावी.

नातेवाइकांना वॉचमन, सफाई कामगार आणि पाण्याची मोटर एवढेच दिसते, कारण इमारतीतील बाकीचे काम नीट चालले असेल तर ते कोणाच्या नजरेस येत नाही. व्यवस्थापकाला मालकाच्या वतीने भाडे वसूल करायचे असते, करारांच्या मुदती सांभाळायच्या असतात, लिफ्ट, जनरेटर आणि सांडपाणी प्रकल्पाचे वार्षिक देखभाल करार करायचे असतात, कोटेशन मागवून तुलना करायची असते आणि वर्षाचे अंदाजपत्रक मांडून त्याचा हिशेबही द्यायचा असतो. हे दलालीचे काम नव्हे. खरेदी-विक्री जुळवणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि २०२३ पासून सक्षमता प्रमाणपत्रही लागते. आपल्या कन्येचे काम व्यवहार झाल्यानंतर सुरू होते आणि इमारत उभी असेपर्यंत चालू राहते.

तिची बी. कॉम.ची पदवी येथे कशी उपयोगी पडते, हे मेंटेनन्सच्या साध्या बिलावरून आपल्याला चटकन लक्षात येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे असते, मग सदनिका लहान असो वा मोठी. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (भविष्यातील मोठ्या दुरुस्ती वा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवायची रक्कम) किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. म्हणजे सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख रुपये धरला, तर दुरुस्ती निधीचे वर्षाला १५,००० आणि सिंकिंग फंडाचे ५,००० रुपये होतात. हीच इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषित झालेली असेल, तर सामाईक खर्च सामाईक जागेतील प्रत्येकाच्या अविभक्त (न वाटलेल्या) हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो आणि मोठ्या सदनिकेचे बिल वाढते. कोल्हापुरात दोन्ही प्रकारच्या इमारती आहेत, आणि सर्वसाधारण सभेतले कितीतरी वाद हा फरक कोणी समजावून न सांगितल्यामुळे होतात. त्यात दरमहा वर्गणी ७,५०० रुपयांच्या पुढे गेली आणि संस्थेची उलाढाल २० लाखांवर असली की जीएसटीचा प्रश्न येतो. थकबाकीची यादी, खर्चाची विभागणी, निधीची वेगळी खाती हे सारे आपण रोज पतसंस्थेत करता त्याच जातीचे काम आहे. ते ज्याला येते तो साइटवर लवकर पुढे जातो, असे माझे निरीक्षण आहे.

हिशेबाइतकीच मोठी जबाबदारी सुरक्षिततेची असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली, तो लागू असलेल्या इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलै महिन्यात घेऊन सादर करावे लागते. तारीख चुकली आणि दुर्दैवाने काही घडले, तर पहिली विचारणा व्यवस्थापकाकडे होते. आपल्या शहराचे उदाहरण घ्यायचे तर पंचगंगेच्या पुराचे घ्यावे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, हे कोल्हापुरातील शाळकरी मूलही सांगेल. पण इशारा पातळी गाठली त्या रात्री तळघरातील पंपाचे स्टार्टर कोणी सोडवून वर न्यायचे, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवून तिचा वीजपुरवठा कोणी बंद करायचा आणि तळमजल्यावरील वृद्धांना कोणत्या घरी हलवायचे, हे आधी कागदावर लिहिलेले किती इमारतींत असते? २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहराला असा कागद तयार करणारी प्रशिक्षित माणसे हवी आहेत, आणि हे काम हलके आहे असे कोणी म्हटले की मला मनापासून वाईट वाटते.

आता योजनेबद्दल. ब्रिटनमध्ये या क्षेत्रातील पदवीधर योजनांना जुनी शिस्त आहे : १८६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स या संस्थेची मान्यताप्राप्त पदवी घेतलेल्या नवख्या उमेदवाराला साधारण २४ महिन्यांचे आखीव प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याची नोंद ठेवावी लागते आणि शेवटी तज्ज्ञांपुढे मुलाखत द्यावी लागते. आपल्याकडील कंपन्यांवर असे बंधन नसल्यामुळे ‘प्रशिक्षणार्थी’ या एकाच नावाखाली खरे प्रशिक्षणही असते आणि स्वस्त मनुष्यबळही असते. फरक ओळखण्यासाठी कंपनीला ई-मेलने विचारावे की चार विभाग कोणते, प्रत्येक विभागात मार्गदर्शक म्हणून कोणाची नेमणूक आहे आणि मूल्यमापन कधी व कसे होते. त्यात किमान सहा महिने प्रत्यक्ष इमारतीवर आणि किमान सहा महिने लेखा विभागात असावेत, असा माझा आग्रह आहे. दोन्ही वर्षे फक्त स्वागतकक्षात तक्रारी नोंदवण्यात जाणार असतील, तर ही नोकरी नाकारलेली बरी.

याहून महत्त्वाचे म्हणजे ही नेमणूक नोकरी आहे की शिकाऊ उमेदवारी, हे निवडपत्रातून स्पष्ट व्हायला हवे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार असेल, तर ती कायद्याच्या भाषेत कामगार ठरत नाही, प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर आपोआप येत नाही. त्यात गैर काही नाही, मात्र ते माहीत असून स्वीकारावे. आपण बाँडबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याच्या बंधनपत्राबद्दल विचारले आहे. बाँड असला म्हणजे तो बेकायदाच, हा समज चुकीचा आहे. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असा बाँड वैध ठरवला. म्हणून रक्कम किती, मुदत किती आणि कंपनीने स्वतःच काढून टाकले तर काय, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. मूळ गुणपत्रिका मात्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. आपली कन्या ग्राहकाच्या इमारतीत बसून काम करणार असल्याने, लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालील तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती तिच्यासाठी कोणत्या कंपनीची असेल, हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोचाचे काही कारण नाही.

वडिलांच्या काळजीचे उत्तर सोपे आहे. बँकांच्या सामायिक परीक्षांत सर्वसाधारण गटाला लिपिकपदासाठी २८ आणि अधिकारीपदासाठी ३० वर्षांपर्यंत वयोमर्यादा असते, त्यामुळे दोन वर्षांनी तो दरवाजा बंद होत नाही. एम. बी. ए.चा विचारही तेव्हाच करावा. कामाचा अनुभव घेऊन गेलेल्या मुलांना त्या अभ्यासक्रमाचा अधिक उपयोग होतो.

कोल्हापुरात परत येण्याविषयी मी खोटी आशा दाखवणार नाही. मोठ्या कंपन्यांचे काम पुणे, मुंबई, बेंगळुरू येथील कार्यालयीन संकुलांत एकवटलेले आहे आणि पहिली चार-पाच वर्षे तिला बाहेरच काढावी लागतील. रात्री-अपरात्री फोन येतील, सणासुदीला साइटवर थांबावे लागेल. पुढे रुग्णालये, शैक्षणिक संकुले, कागल आणि गोकुळ शिरगाव येथील उद्योग, तसेच मानद सचिवांच्या खांद्यावर चाललेल्या इथल्या सोसायट्या यांत तिच्या अनुभवाला जागा आहे. त्यासाठी एक गोष्ट आतापासून करता येईल. सहकार खात्याची जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखा पदविकेची परीक्षा आपल्या परिचयाची असेलच. तिच्याबरोबरच सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापन, म्हणजे सीएचएम प्रमाणपत्राची परीक्षाही घेतली जाते. या प्रमाणपत्राची तयारी तिने प्रशिक्षणाच्या काळात करावी आणि त्यात आपल्यासारखी शिक्षिका घरात आहे.

कंपनीचे लेखी उत्तर आले की रुजू होण्यापूर्वी आपण दोघींनी एकदा पुण्याला जावे, ती ज्या इमारतीवर जाणार आहे तेथील व्यवस्थापकाची वेळ घेऊन त्याच्या कार्यालयात तासभर बसावे, आणि मागच्या वर्षीच्या तुकडीतील एखाद्या प्रशिक्षणार्थीशी स्वतंत्रपणे बोलावे. कंपनीने या भेटीस नकार दिला, तर मला पुन्हा लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर